अपडेटनंतर ॲप बिघडलं? जुनं व्हर्जन परत कसं आणायचं (डेटा न घालवता)

रात्री चांगलं चालणारं ॲप सकाळी उघडावं तर ओळखूच येत नाही, बटणं इकडची तिकडे गेलेली, रोज लागणारं फीचर गायब, नाहीतर सरळ उघडतंय आणि बंद पडतंय. फोन चार्जिंगला होता, वायफाय चालू होतं, तेवढ्यात प्ले स्टोअरनं गुपचूप अपडेट उरकून घेतलं. मग डोक्यात एकच येतं, मला माझं जुनंच द्या परत.

मिळतं, बऱ्याचदा मिळतं. पण मी एकदा हेच घाईघाईत केलं आणि नोट्सच्या एका ॲपमधल्या दोन वर्षांच्या नोट्स घालवून बसलो. जुनं व्हर्जन पाच मिनिटांत मिळालं हो, उघडलंही मस्त, फक्त आत काहीच नव्हतं, पहिल्यांदा इन्स्टॉल केल्यासारखं कोरं करकरीत. त्यामुळे फाईल कुठून आणायची यावर मी बोलेनच, पण डेटा कसा वाचवायचा यावर जास्त बोलणारे, कारण खरी गोची तिथेच आहे. आधी पूर्ण वाचा, मग फोन हातात घ्या.

आधी बघा की दोष व्हर्जनचाच आहे का

सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथे तुमचं ॲप, आणि त्या पानाच्या अगदी तळाशी व्हर्जन नंबर लिहिलेला असतो. तो कुठेतरी लिहून ठेवा, पुढे लागेल. मग त्याच पानावरून फोर्स स्टॉप करा, स्टोरेजमध्ये जाऊन क्लिअर कॅश करा, फोन एकदा बंद करून चालू करा. बरीच भांडणं इथेच मिटतात. फक्त क्लिअर कॅशच्या शेजारीच क्लिअर स्टोरेज नाहीतर क्लिअर डेटा असं बटण असतं, त्याला हात लावायचा नाही, ते दाबलं की ॲपच्या आतलं सगळं साफ, लॉगिनसकट.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. मोठ्या ॲपमधले बरेचसे बदल अपडेटमधून येतच नाहीत, ते कंपनीच्या सर्व्हरवरून चालू केले जातात. ॲपच्या फाईलमध्ये जुनी आणि नवी दोन्ही रूपं आधीच भरलेली असतात आणि कुणाला कुठलं दाखवायचं ते तिकडून ठरतं. अशा वेळी तुम्ही मागच्या आठवड्याचं व्हर्जन टाका नाहीतर मागच्या महिन्याचं, लॉगिन केलं की तेच नवीन रूप समोर हजर. ओळखायचं कसं, तर घरातल्या किंवा मित्राच्या फोनवर तेच ॲप उघडा, व्हर्जन नंबर तंतोतंत सारखा आणि तरी त्याच्याकडे जुनं रूप दिसतंय, म्हणजे खेळ सर्व्हरचा आहे आणि तुमची मेहनत वाया जाणारे.

तिसरं, एकच ॲप बिघडलंय की एकदम पाच-सहा? एकदम अनेक ॲप पडायला लागली तर दोष त्यांचा नसतो, त्यांच्या खालच्या कशाचा तरी असतो. मार्च २०२१ मध्ये असंच झालं होतं, जगभर अँड्रॉइड फोनवर ॲप उघडताच बंद पडत होती, लोक एकेक ॲप काढून परत टाकत बसले आणि दोष निघाला अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू नावाच्या घटकाच्या अपडेटमध्ये. ॲपच्या आत वेबपेज दाखवायचं काम तो करतो, त्यामुळे तो बिघडला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळेच बिघडतात. तेव्हा गूगलचं दुरुस्त अपडेट येईपर्यंत लोकांनी वेबव्ह्यूचे अपडेट काढून काम भागवलं होतं.

आणि चौथं, तुम्ही कधीतरी हौसेनं त्या ॲपच्या बीटामध्ये (म्हणजे चाचणीचं व्हर्जन आधी वापरून बघणाऱ्यांत) नाव घातलेलं असू शकतं आणि विसरूनही गेला असाल. प्ले स्टोअरमध्ये ॲपचं पान उघडून खाली जा, तुम्ही बीटा टेस्टर आहात असं दिसलं तर तिथूनच बाहेर पडा, थोडा वेळ थांबा, ॲप काढून परत टाका, सगळ्यांना मिळणारं पक्कं व्हर्जन येईल. म्हणजे बाहेरून काही आणायची गरजच नाही. (ॲप काढल्यावर डेटा जाण्याचा धोका इथेही तितकाच आहे हां, खालचा डेटाचा भाग आधी वाचा.)

त्रास सहन होण्यासारखा असेल तर माझं मत विचाराल तर दोन दिवस थांबा. प्ले स्टोअरवर डेव्हलपरला मागचा नंबर परत पाठवताच येत नाही, चूक झाली तर त्याला जुनाच कोड नवीन वाढीव नंबर लावून परत पाठवावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे ते "अपडेट" म्हणूनच येतं. चांगले डेव्हलपर हे पटकन करतात, आणि तुम्ही काही न करता जुनं व्हर्जन नवीन नंबरच्या वेषात घरी येतं.

फोन सरळ का देत नाही

प्रत्येक अँड्रॉइड ॲपला दोन नंबर असतात. एक आपल्याला दिसणारा, आणि एक आतला साधा आकडा, तो प्रत्येक अपडेटला वाढलाच पाहिजे असा नियम. फोन तुलना करतो ती या आतल्या आकड्याची. आधी टाकलेल्यापेक्षा लहान आकड्याची फाईल वरून टाकायला गेलात की फोन नाही म्हणतो. हे मुद्दाम आहे, नाहीतर कुणीही तुमच्या ॲपवर एखादं भोक असलेलं जुनं व्हर्जन चढवून त्याच भोकातून आत शिरला असता.

शिवाय प्रत्येक ॲपवर डेव्हलपरची डिजिटल सही असते. वरून टाकायच्या फाईलची सही आधीच्या ॲपशी जुळली नाही तर तेही बंद. म्हणजे जुनं टाकायचं तर आधी नवीन पूर्ण काढायचं, आणि अँड्रॉइडमध्ये ॲप काढलं की त्याच्या आतला डेटाही त्याच्याबरोबर जातो. सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

एक सोपा अपवाद

फोनबरोबरच आलेली ॲप, म्हणजे काही फोनवर क्रोम, कीबोर्ड, कॅमेरा, मॅप्स, यूट्यूब, आणि वर सांगितलेलं वेबव्ह्यू, यांच्यासाठी बाहेर कुठे जायचं नाही. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके, तिथे अनइन्स्टॉल अपडेट्स. दाबलं की फोन कारखान्यातून आला तेव्हाचं (किंवा शेवटच्या सिस्टीम अपडेटबरोबर आलेलं) व्हर्जन परत येतं. यात दोन गोष्टी, एक म्हणजे तुम्हाला मधलं हवं ते व्हर्जन निवडता येत नाही, एकदम तळालाच जाता, आणि दुसरं म्हणजे डेटा इथेही पुसला जातो, फोन तसं विचारतोही पण आपण वाचतो कुठे. कीबोर्डच्या बाबतीत शिकलेले शब्द जातील, एवढं चालेल. बाकीच्यांचं बघून ठरवा.

डेटा, डेटा, डेटा

स्वतःला एक प्रश्न विचारा, या ॲपमधली माझी माहिती नक्की राहते कुठे? मेल, सोशल मीडिया, गाणी ऐकायचं ॲप, अशा ठिकाणी सगळं तिकडे सर्व्हरवर असतं, फोनवर फक्त चेहरा. पासवर्ड आठवत असला की झालं, बिनधास्त काढा. (खरंच आठवतोय ना? काढायच्या आधी एकदा ब्राउझरमधून लॉगिन करून बघा, मी थट्टा करत नाहीये.)

पण नोट्स, खर्चाचा हिशेब, डायरी, व्यायामाची नोंद, चॅट, ऑफलाईन गेम, आवाजाची रेकॉर्डिंग, यांतली बरीच ॲप सगळं फोनवरच ठेवतात. आणि सगळ्यात खतरनाक म्हणजे लॉगिनचे सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप. ते क्लाउडशी जोडलेलं नसेल आणि तुम्ही काढलं, तर कोड गेले, आणि कोड गेले म्हणजे ज्या ज्या खात्यांना ते लावलेत तिथून तुम्ही बाहेर. तिथे आधी दुसऱ्या फोनवर ट्रान्सफर करा, प्रत्येक खात्याचे बॅकअप कोड कागदावर उतरवा, मगच पुढचं बोला. खरं सांगायचं तर ऑथेंटिकेटरचं जुनं व्हर्जन आणायच्या भानगडीत पडूच नका.

बाकीच्यांसाठी ॲपच्या सेटिंगमध्ये एक्सपोर्ट किंवा बॅकअप शोधा. आणि इथे एक बारीक फास आहे, मी त्यातच अडकलो होतो. मी बॅकअप घेतला होता! पण तो नवीन व्हर्जननं बनवलेला बॅकअप, आणि जुन्या व्हर्जनला तो वाचताच येईना. कारण असं की ॲपच्या आतला डेटाबेस पण व्हर्जनवार असतो, नवीन ॲप पहिल्यांदा उघडलं की जुना डेटाबेस नव्या साच्यात बसवून घेतं, आणि हा रस्ता एकेरी असतो. पुढे कसं जायचं ते डेव्हलपर लिहितो, मागे कसं यायचं ते सहसा कुणीच लिहीत नाही. अँड्रॉइडचा जो नेहमीचा डेटाबेस उघडणारा कोड आहे तो तर डेव्हलपरनं वेगळं काही सांगितलं नसेल तर मोठ्या नंबरचा डेटाबेस बघून सरळ चूक दाखवून थांबतो.

म्हणून एक्सपोर्ट घेताना ॲपच्या स्वतःच्या गुप्त फॉरमॅटवर विसंबू नका, साधा टेक्स्ट, सीएसव्ही, पीडीएफ, असं काही मिळत असेल तर ते पण घ्या, दोन्ही घ्या. टेक्स्ट कुठल्याही व्हर्जनला खाता येतो, आणि कुणालाच खाता आला नाही तर निदान तुम्हाला वाचता तरी येतो. एक्सपोर्ट केलेली फाईल उघडून बघा, आत खरंच काही आहे ना. आणि ती फोनच्या डाऊनलोड्स किंवा डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये, त्याहून चांगलं म्हणजे फोनबाहेर कॉम्प्युटरवर ठेवा. अँड्रॉइड फोल्डरच्या आत डेटा नावाचा जो फोल्डर असतो आणि त्यात ॲपच्या नावाचे कप्पे, तिथे ठेवलेलं ॲपबरोबरच उडतं.

"पण माझा गूगल बॅकअप चालू आहे की" असं म्हणाल. चांगलं आहे, चालूच ठेवा, पण या कामाला त्याचा उपयोग धरू नका. एक तर त्यात एका ॲपला फक्त २५ एमबी जागा मिळते, दुसरं म्हणजे डेव्हलपर हा बॅकअप बंदही ठेवू शकतो, आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, बॅकअप नवीन व्हर्जनचा आणि फोनवर टाकलेलं ॲप जुनं असेल तर डेव्हलपरनं खास परवानगी दिल्याशिवाय अँड्रॉइड तो परत भरतच नाही. म्हणजे नेमकं आपल्याला लागतं तेव्हाच तो गप्प बसतो.

काही ॲप काढताना फोन विचारतो की डेटा ठेवायचा का, ही सोय अँड्रॉइड १० पासून आहे. वाटतं की वा, हेच तर हवं होतं. पण ठेवलेला डेटा नव्या व्हर्जनचा असतो, तो असताना फोन जुनी फाईल घेईलच असं नाही आणि घेतली तरी जुनं ॲप तो डेटा बघून गडबडू शकतं, वरचंच डेटाबेसचं रडगाणं. बॅकअप बाहेर घेतलेला असेल तर डेटा न ठेवताच काढा, स्वच्छ.

फाईल कुठून घ्यायची

प्ले स्टोअर जुनी व्हर्जन देत नाही, कुठलंही बटण शोधत बसू नका, नाहीये.

ॲप ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) असेल तर नशीबवान आहात. एफ-ड्रॉइड या अशा ॲपच्या दुकानात ॲपच्या पानावर मागची व्हर्जन ओळीनं दिलेली असतात, किंवा गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर डेव्हलपरच्या पानावर रिलीजेसमध्ये सगळा इतिहास असतो. फक्त एवढं लक्षात घ्या की एफ-ड्रॉइडवरच्या बऱ्याचशा ॲपवर सही एफ-ड्रॉइडची स्वतःची असते, प्ले स्टोअरवरच्या ॲपशी ती जुळत नाही, त्यामुळे तिथून टाकलेलं ॲप पुढे प्ले स्टोअरवरून अपडेट होणार नाही, परत काढा-टाका करावं लागेल.

बाकी ॲपसाठी लोक जातात ते एपीकेमिरर नावाच्या साइटवर (एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करायची फाईल). मी पण तिथेच जातो. २०१४ पासून चालू आहे, आणि तिथे फाईल लावायच्या आधी तिची सही मूळ डेव्हलपरच्या आधीच्या व्हर्जनशी जुळते का ते तपासतात, पैसे बुडवून फुकट वापरायची तोडफोड केलेली ॲप तिथे ठेवत नाहीत. जाहिराती मात्र भरपूर, डाऊनलोड लिहिलेली चार बटणं दिसतील त्यातलं एकच खरं असतं, घाई करू नका. मॉड, प्रीमियम अनलॉक्ड असलं काही नावात दिसलं, किंवा कुणीतरी चॅटवर फाईल पाठवली "ही घे, चालते", तर नको. जुनं व्हर्जन आणि कुणीतरी आतून बदललेलं व्हर्जन या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची सही बदलली ते मूळ ॲपच राहिलं नाही.

आता पान उघडलं की एकाच व्हर्जनचे पाच-सहा प्रकार दिसतात आणि माणूस गांगरतो. बघायचं एवढंच. प्रोसेसर, आजच्या बहुतेक फोनला आर्म ६४ म्हणजे व्ही८ए वालं लागतं, जुन्या किंवा अगदी साध्या फोनला ३२ बिटचं व्ही७ए, आणि युनिव्हर्सल लिहिलेलं असेल तर सरळ तेच घ्या, ते सगळीकडे चालतं. मग कमीत कमी अँड्रॉइड कुठलं लागेल ते, तुमचं त्याच्याइतकं किंवा वरचं हवं. डीपीआय म्हणजे स्क्रीनच्या बारकाव्याचा आकडा, तिथे नोडीपीआय दिसलं तर विचारच नको.

आणि मग एपीके की बंडल. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपना बंडल स्वरूपातच यावं लागतं, म्हणजे प्ले स्टोअर तुमच्या फोनपुरते तुकडे कापून देतं, मुख्य फाईल एक, प्रोसेसरची एक, स्क्रीनची एक, भाषेची एक. त्यामुळे बरीच जुनी व्हर्जनही आता एकटी एपीके म्हणून मिळत नाहीत, तुकड्यांचं गाठोडं मिळतं, आणि ते फोन थेट उघडू शकत नाही. त्यासाठी एपीकेमिररचाच इन्स्टॉलर आहे, किंवा एसएआय नावाचं छोटं ॲप आहे, ते गाठोडं सोडून तुकडे एकत्र टाकतं. त्यातली फक्त मुख्य फाईल वेगळी करून तेवढीच इन्स्टॉल करायचा शहाणपणा करू नका, होईल कदाचित पण उघडल्या उघडल्या पडेल. एकटी एपीके उपलब्ध असेल तर तीच घ्या, डोक्याला ताप कमी.

किती मागचं घ्यायचं? बिघाड व्हायच्या लगेच आधीचं. लोक "मला ते दोन वर्षांपूर्वीचं छान होतं" म्हणून एकदम मागे उडी मारतात आणि मग लॉगिनच होत नाही. एक पायरी मागे, नाही जमलं तर अजून एक.

आता प्रत्यक्ष काम

सगळ्यात आधी प्ले स्टोअरचं अपडेट थांबवा, नाहीतर तुम्ही तासभर खपून जुनं टाकाल आणि ते रात्रीत परत नवीन करून ठेवेल. प्ले स्टोअर, वर तुमचा गोल फोटो, सेटिंग्ज, नेटवर्क प्रेफरन्सेस, ऑटो अपडेट ॲप्स, तिथे नको म्हणा. हे तात्पुरतं सगळ्या ॲपसाठी.

फाईल आधीच डाऊनलोड करून ठेवा, मग ॲप काढा. उलटं करू नका, ॲप काढून बसलात आणि हवं ते व्हर्जन मिळालंच नाही तर दोन्हीकडून गेलात.

काढताना एक जागा लोक हमखास विसरतात. फोनवर ड्युअल ॲप, सिक्युअर फोल्डर, सेकंड स्पेस, ऑफिसचं वर्क प्रोफाईल, यातलं काही असेल आणि तेच ॲप तिकडेही असेल, तर इकडून काढूनही ते फोनवर शिल्लकच असतं, कारण ॲपची फाईल संपूर्ण फोनमध्ये एकच असते आणि सगळे प्रोफाईल तीच वापरतात. मग जुनं टाकायला गेलं की फोन अडवतो आणि आपण म्हणतो काढलं की, मग अडतंय कुठे. तिकडूनही काढा, किंवा सेटिंग्जमधल्या ॲपच्या पानावर तीन ठिपक्यांत सगळ्या युजरसाठी काढा असा पर्याय दिसला तर तो वापरा.

मग फाईल मॅनेजरमधून एपीके उघडा. फोन म्हणेल की या ॲपला अनोळखी ॲप टाकायची परवानगी नाही, सेटिंगमध्ये नेईल, तिथे फक्त त्या फाईल मॅनेजरला परवानगी द्या आणि मागे या. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपवार झालीये, आधी संपूर्ण फोनचं एकच बटण असायचं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत दाखवतात ते अननोन सोर्सेस शोधत बसलात तर सापडणार नाही. काम झालं की परवानगी परत बंद करा, हे खरंच करा, ब्राउझरला तर ही परवानगी कायम देऊन ठेवूच नये.

सॅमसंगचा फोन असेल आणि परवानगी द्यायचं बटणच राखाडी दिसत असेल तर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसीच्या आत ऑटो ब्लॉकर आहे, तो चालू असेल. कामापुरता बंद करा, मग चालू. शाओमीवर एसएआयनं गाठोडं टाकताना अडलं तर डेव्हलपर ऑप्शन्समधलं एमआययूआय ऑप्टिमायझेशन बंद करून बघतात, पण त्यानं बाकीच्या परवानग्याही हलू शकतात म्हणून मी तो शेवटचा उपाय धरतो.

प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारा गूगलचा पहारेकरी, मध्येच फाईल तपासू का विचारेल, तपासू द्या. त्यानं धोकादायक आहे म्हणून ठामपणे अडवलं तर माझं ऐका, तिथेच थांबा.

ॲप नॉट इन्स्टॉल्ड, एवढंच म्हणून फोन गप्प बसला तर त्याचा अर्थ यापैकी काहीतरी एक, प्रोसेसरचा प्रकार चुकला, डाऊनलोड अर्धवट झालंय, जागा नाही, किंवा नवीन ॲप कुठल्या तरी प्रोफाईलमध्ये दडलंय. खूपच जुनं व्हर्जन असेल तर अजून एक कारण, अँड्रॉइड १४ पासून फोन अँड्रॉइड ६ च्या आधीच्या काळासाठी बनवलेली ॲप घेतच नाही, आणि अँड्रॉइड १५ नं ती रेघ अँड्रॉइड ७ पर्यंत वर नेली.

खरं कारण कळायला कॉम्प्युटर उपयोगी पडतो. अबाऊट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं, गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स उतरवून घ्यायची आणि त्यातल्या एडीबीनं (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) फाईल टाकायची, तिथे चूक स्पष्ट शब्दांत दिसते, व्हर्जन लहान आहे की सही जुळत नाही की प्रोसेसर चुकला. जाता जाता, नेटवर खूप ठिकाणी लिहिलेलं असतं की एडीबीला अमुक एक अक्षर जोडलं की ॲप न काढता, डेटा ठेवून मागे जाता येतं. ते अक्षर खरं आहे पण ते चालतं फक्त डेव्हलपरनं चाचणीसाठी बनवलेल्या ॲपवर, तुमच्या-माझ्या नेहमीच्या ॲपवर नाही. मी अर्धी रात्र त्यात घालवलीये, तुम्ही नका घालवू.

ॲप टाकलं गेलं की उघडायच्या आधी प्ले स्टोअरमध्ये त्याच्या पानावर जा, तीन ठिपके, एनेबल ऑटो अपडेटची खूण काढा. आता सुरुवातीला बंद केलेलं बाकी सगळ्यांचं अपडेट परत चालू करून टाका, एका ॲपसाठी सगळा फोन शिळा ठेवायचा नाही. "अपडेट ऑल" बटण मात्र आता तुमचं शत्रू आहे, सवयीनं दाबलंत की हे पण अपडेट होईल.

मग ॲप उघडा, लॉगिन करा, एक्सपोर्ट केलेलं आत घ्या. ॲपला ॲक्सेसिबिलिटी किंवा नोटिफिकेशन वाचायची परवानगी लागत असेल आणि फोन रिस्ट्रिक्टेड सेटिंग म्हणून अडवत असेल (अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपना असं होतं) तर ॲपच्या माहितीच्या पानावर तीन ठिपक्यांत ते मोकळं करायचा पर्याय असतो. ॲपवर पूर्ण भरवसा असेल तरच हं.

आयफोनवाल्यांसाठी

थोडक्यात सांगतो कारण सांगण्यासारखं थोडंच आहे, तिथे हवं ते व्हर्जन निवडायची सोय नाही. तुमचा फोन जुना असेल, त्याचं आयओएस इतकं मागे असेल की नवीन ॲप त्यावर चालतच नाही, आणि ते ॲप तुम्ही त्याच ॲपल आयडीनं पूर्वी कधी घेतलेलं असेल, तर ॲप स्टोअर स्वतःच विचारतं की चालणारं शेवटचं व्हर्जन देऊ का. नवीन फोनवर हा प्रश्न येत नाही.

ऑफलोड केलं (म्हणजे डेटा ठेवून फक्त ॲप काढलं) तर डेटा राहतो पण परत घेताना ॲप ताजंच येतं. संपूर्ण फोनचा बॅकअप परत भरला तरी ॲप स्टोअरवरून नवीनच उतरतात, बॅकअपमध्ये ॲपची फाईल नसतेच. पूर्वी कॉम्प्युटरवर आयट्यून्समध्ये ॲपच्या फाईली साठायच्या, सप्टेंबर २०१७ ला आलेल्या आयट्यून्स १२.७ नं तो भागच काढून टाकला. ॲप टेस्टफ्लाइटवरून (चाचणीची ॲप वाटायची ॲपलची सोय) घेतलेलं असेल तर तिथे मागच्या बिल्ड्सची, म्हणजे चाचणीच्या व्हर्जनची, यादी मिळते आणि त्यातलं टाकता येतं, पण एक बिल्ड ९० दिवसच चालतं. बाकी उपाय म्हणजे सेटिंग्जमध्ये ॲप स्टोअरच्या आतलं ॲप अपडेट्स बंद ठेवणं, म्हणजे घोडं पळायच्या आधी तबेल्याला कडी. आणि डेव्हलपरला नीट लिहून कळवणं, कुठला फोन, कुठलं व्हर्जन, काय दाबलं की पडतं.

किती दिवस जुन्यावर राहायचं

काही ॲप तुम्हाला राहूच देत नाहीत. बँकेची ॲप उघडल्या उघडल्या अपडेट करा म्हणून भिंत उभी करतात, व्हॉट्सॲपच्या जुन्या व्हर्जनला मुदत असते, ती संपली की बंद. तिथे लढण्यात अर्थ नाही.

आणि चॅट, ब्राउझर, बँक, मेल, या चारांत जुनं वापरणं मला स्वतःला पटत नाही. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमध्ये असं भोक सापडलं होतं की नुसता कॉल करून, तुम्ही उचलला नाही तरी, फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवता येत होतं. अँड्रॉइडवर ते २.१९.१३४ व्हर्जनमध्ये बुजवलं. ज्यांना त्याच्या आधीचं रूप आवडत होतं म्हणून अपडेट बंद ठेवलं होतं ते सगळे उघड्यावर होते. याउलट कॅल्क्युलेटर, अलार्म, नेटला हात न लावणारं नोट्सचं ॲप, फोटो बघायचं ॲप, यांचं जुनं व्हर्जन वर्षभर वापरलं तरी मला चिंता वाटत नाही.

मधल्यांसाठी मी असं करतो की प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावरचं काय नवीन आणि ताजी मतं अधूनमधून बघतो, माझ्यासारखाच रडणारा कुणीतरी "आता ठीक झालं" म्हणाला की आधी जुन्या ॲपमधून एक्सपोर्ट, मग अपडेट. पुढे जाताना डेटा सहसा आपोआप जातो, तरी एक्सपोर्ट घेतोच, एकदा पोळलोय.

आणि ज्या दोन-तीन ॲपवर तुमचं रोजचं काम अवलंबून आहे त्यांचं चालू, चांगलं वागणारं व्हर्जन आजच बाजूला काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. एसएआयमध्ये टाकलेल्या ॲपचा बॅकअप घ्यायची सोय आहे, तुकड्यांची ॲप असली तरी सगळे तुकडे एकत्र बांधून देतं. यात फक्त ॲपची फाईल येते, आतला डेटा नाही. फाईलला नाव देताना ॲपचं नाव, व्हर्जन नंबर आणि तारीख तिन्ही लिहा, माझ्या एका फोल्डरमध्ये बेस नावाच्या सहा एपीके पडून आहेत आणि कुठली कशाची ते आता मलाच माहीत नाही.